आठ पत्त्यांची आपत्ती

दोनशे चाळीस रुपयांचा राग माणसाने किती दिवस धरावा? माझा आज चौथा दिवस.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळाच्या इमारतीतलं नेटवर्क लावून दिलं आणि बिल दिलं ५,१२० रुपयांचं. पाच हजार मजुरी, एकशेवीस केबलच्या टोकांचे. मंडळाचे हिशेब अण्णा बघतात. अण्णा ऑडिटमधून निवृत्त झाले, पण ऑडिट अण्णांमधून अजून निवृत्त व्हायचंय.

बिलाला मीच हौसेने एक तक्ता जोडला होता. १९२.१६८.५.० या नेटवर्कचे चार भाग, मास्क, म्हणजे नेटवर्क कुठे कापायचं ते सांगणारा आकडा, सगळीकडे २५५.२५५.२५५.१९२. ऑफिस ० पासून, वाचनालय ६४ पासून, वसतिगृह १२८ पासून, कॅमेरे १९२ पासून. राउटरचे चार पोर्ट, प्रत्येकाला आपापला स्विच, म्हणजे त्या भागातली यंत्रं जोडायची पेटी. खाली लिहिलं होतं: प्रत्येक भागात यंत्रांसाठी पत्ते ६४, वापरण्याजोगे ६२. या शेवटच्या ओळीची काही गरज नव्हती.

अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "बाळ, चौसष्टातले दोन कुठे गेले?"

"अण्णा, पहिला पत्ता म्हणजे त्या नेटवर्कचं नाव, तो कुठल्या यंत्राला देत नाहीत. शेवटचा दवंडीचा. सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा असला तर."

"मागच्या महिन्यात किती वेळा दवंडी पिटली?"

"ते कोणी मोजत नाही, अण्णा."

"रजिस्टर नाही," असं पुटपुटत त्यांनी समासात काहीतरी लिहिलं. मग पेन्सिल थांबली. "आणि हे सबंध ठेवलं असतं, तुकडे न करता, तर किती वापरता आले असते?"

"दोनशे चोपन्न."

"म्हणजे दोनच गेले असते. तू चार तुकडे केलेस, आठ गेले. जास्तीचे सहा कोणाच्या मंजुरीने घालवलेस?"

आता खरं सांगायचं तर हा हिशेब अचूक आहे. डिप्लोमाच्या मुलांना हेच गळी उतरवायला आठवडा जातो. अण्णांना दीड मिनिट लागलं, आणि तेही माझ्याविरुद्ध. ५,१२० भागिले २५६, पत्त्यामागे बरोबर वीस रुपये. पूर्ण भाग गेला, बाकी शून्य. बाकी शून्य आली की ऑडिटवाल्याला साक्षात्कार झाल्यासारखं वाटतं. अण्णांनी आठही पत्त्यांवर, म्हणजे एकशेसाठ रुपयांवर, 'आपत्ती' घेतली. हिंदीत आपत्ती म्हणजे आक्षेप आणि मराठीत संकट. ग्वाल्हेरात राहिलं की दोन्ही एकदमच येतात.

तुकडे का करायचे हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. आपल्या गल्ल्यांना जिन्सी नाला नंबर १, नंबर २, नंबर ३ असं आपण का म्हणतो? नंबर दोनमधल्या माणसाने शेजाऱ्याला हाक मारली तर ती नंबर तीनमध्ये ऐकू जायला नको. यंत्रंही सारखी हाका मारतात, 'अमुक पत्ता कोणाचा, रे?' अशा. वसतिगृहातल्या मुलांच्या फोनांचा हा कालवा ऑफिसात कशाला? गल्लीबाहेर जायचं तर गल्लीच्या तोंडाशी उभ्या राउटरकडे जायचं. त्याला दोन वाटा जुळल्या तर तो जास्त नेमकी धरतो; पाकिटावर 'जिन्सी नाला नंबर २' असताना पोस्टमन 'लष्कर' एवढ्यावर थांबत नाही तसं. कुठेच जुळलं नाही तर शेवटी ०.०.०.०/०, म्हणजे घाल बाहेर.

"नाला नंबर तीनमध्ये माझी बहीण राहते," अण्णा म्हणाले. "हाक बरोबर ऐकू येते."

आता ज्या कामाचे पैसे मागितले होते त्याबद्दल. वाचनालयातल्या संगणकावरून ऑफिसातल्या प्रिंटरवर छपाई होत नव्हती. इंटरनेट झकास, छपाई तेवढी बंद. म्हणून सगळ्यांनी प्रिंटरला धरलं, दोनदा टोनर बदलला. पत्त्याचा शेवटचा आकडा तेवढा सांगतो: संगणक .७०, प्रिंटर .१०. संगणकात कोणीतरी जुना मास्क ठेवला होता, २५५.२५५.२५५.०. त्यामुळे त्याला प्रिंटर आपल्याच गल्लीत वाटायचा. तो राउटरकडे न जाता जागेवरूनच हाका मारत बसायचा, आणि ऑफिस पलीकडच्या गल्लीत. पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारून पाहिलं, की 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', आणि उत्तर देणारा पत्ता त्याचा स्वतःचाच. ही खूण दिसली की मास्क बघावा. इंटरनेट चालायचं, कारण गेटवे, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेला राउटरचा पत्ता, .६५, खरोखरच शेजारी होता.

मास्कचं काम एवढंच. शून्य-एकात लिहिलं तर ७० म्हणजे ०१०००११०, १९२ म्हणजे ११००००००. दोन्हीकडे एक असेल तिथेच एक ठेवा: ०१००००००, म्हणजे ६४. हेच गल्लीचं नाव. बोटांवर करायचं तर २५६ मधून १९२ वजा, चौसष्टाच्या उड्या मारा, ७० कुठल्या उडीत पडतो ते बघा. पुस्तकं मात्र अजून ए, बी, सी क्लासपासून सुरू होतात, म्हणजे पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून मास्क ठरवायची जुनी पद्धत. १९९३ साली सीआयडीआर, म्हणजे हवा तिथे कापायची पद्धत, आलं, क्लास गेले, पण परीक्षेत अजून विचारतात. मुलं १९२ दिसलं की डोळे मिटून २५५.२५५.२५५.० ठोकतात, आणि मग टोनर बदलले जातात.

मास्क सुधारला तर संदेश बदलला: 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. हा आजार वेगळा. निरोप जातोय, उत्तर परत येत नाही. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना रिकामा होता. गल्लीतल्यांना उत्तर देता येत होतं, बाहेरच्याला कुठून द्यायचं हे त्याला माहीतच नव्हतं. तिथे .१ भरलं आणि पान बाहेर आलं. विचार करायला तास गेला, टाइप करायला चाळीस सेकंद. लोकांनी पाहिली ती चाळीस सेकंदं. तारा ओढून भिंतीला भोकं पाडली असती तर चहाही आला असता.

हे सगळं अण्णांना सांगताना 'गेटवे' हा शब्द तोंडून गेला.

"तोही एक पत्ता खातो?"

"खातो म्हणजे... राउटरला लागतो. .१, .६५, .१२९, .१९३."

"चार. एकूण बारा."

तोंड उघडलं आणि ऐंशी रुपये गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित कागद) प्रमाणे खाजगी वापरासाठीच राखून ठेवलेत, कोणीही घ्यावेत, फुकट असतात, हे मी सांगणारच होतो. वेळेवर सुचलं. फुकट म्हटलं असतं तर उरलेले २४४ ही गेले असते. दोन राउटरमधल्या जोडणीत दोनच पत्ते घेऊन दोन्ही वापरायची मुभा आरएफसी ३०२१ ने २००० साली दिली, हे तर अण्णांच्या कानावर पडताच कामा नये. मागची सगळी बिलं उघडतील.

व्हाउचर झालं. मंजूर ४,८८०, वजा २४०, कारण: 'पत्ते अप्राप्त'. अण्णांनी ते वाचनालयातल्या संगणकावर टाइप केलं आणि छपाईचं बटण दाबलं. ऑफिसातल्या .१० मधून कागद झर्रकन बाहेर आला.

सही करताना मी रसीदी तिकीट विचारलं. "नको," अण्णा म्हणाले, "ते पाच हजारांच्या वर लागतं. तुझा एक रुपया वाचवला."