कॉलेजचं नाव? 'अदर'

फायनान्स इंटर्नशिपचा ऑनलाइन फॉर्म उघडा. 'कॉलेज निवडा' म्हणून यादी येते. आयआयएम आहे, दिल्लीचं एसआरसीसी आहे, झेवियर्स आहे. उल्हासनगर, पालघर, संगमनेर? स्क्रोल करत बसा. तळाशी एकच शब्द, 'अदर', म्हणजे इतर. पलीकडे एचआरची बाई एक्सेलमध्ये फिल्टर लावते, 'अदर'ची टिक काढते, संपला विषय. रेझ्युमे उघडतच नाही कोणी. मग तो एका पानाचा करा, फॉन्ट बदला, हे सल्ले द्यायचे तरी कशाला?

'स्किल वाढव' म्हणणारे तर डोक्यात जातात. बरं, वाढवलं. एनआयएसएम, म्हणजे शेअर बाजाराच्या परीक्षा घेणारी संस्था, तिची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा दिली: फी दीड हजार, पास व्हायला ६० टक्के, वर निगेटिव्ह मार्किंग. सर्टिफिकेट तीन वर्षांचं. त्याचा उपयोग रेझ्युमे उघडल्यावर. उघडणार कोण?

उलट कुणालाही लगेच मिळते ती 'फायनान्स इंटर्नशिप' म्हणजे काय, तर डीमॅट खाती उघडून आणा. आठवड्याला दहा. मामा, मावशी, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांचं पॅन-आधार गोळा करा. स्टायपेंड 'परफॉर्मन्स बेस्ड', म्हणजे शून्य. काही ठिकाणी म्युच्युअल फंड विकायला लावतात. अरे, त्याला एआरएन किंवा ईयूआयएन हा विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक लागतो, तो परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही, हे त्या 'मेंटॉर'ला कोण सांगणार? आणि वर 'रजिस्ट्रेशन फी' मागितली तर सरळ फोन ठेवा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

त्यात आता ओजेटी, म्हणजे अभ्यासक्रमातलंच 'ऑन जॉब ट्रेनिंग'. चार क्रेडिट, १२० तास. कॉलेज म्हणतं तुमचं तुम्ही शोधा. प्लेसमेंट सेल म्हणजे कुलूप लावलेली खोली आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर फॉरवर्ड येतात ते मुदत संपल्यावर. मोठ्या बँका उन्हाळ्याची भरती आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ठरावीक कॅम्पसवर उरकतात. आपली पोरं एप्रिलात पेपर संपल्यावर शोधायला निघतात, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

चुकून इंटरव्ह्यू लागलाच तर पहिला प्रश्न ठरलेला: घसारा (मालमत्तेच्या झिजेचा खर्च) १० रुपयांनी वाढला, तर नफा-तोटा, कॅश फ्लो आणि ताळेबंद, या तिन्ही स्टेटमेंटचं काय होईल? कर २५ टक्के धरा. कर अडीचने वाचतो, म्हणून नफा साडेसातने कमी. घसाऱ्यात रोख जात नाही, तो कॅश फ्लोमध्ये परत जोडायचा, म्हणून रोकड अडीचने जास्त. मालमत्ता दहाने खाली, रोकड अडीचने वर, म्हणजे साडेसात कमी. दुसऱ्या बाजूला राखीव नफाही साडेसातने कमी. ताळेबंद जुळला. पाच मिनिटांचं काम. पण तीन वर्षं 'घसारा म्हणजे काय, पाच गुण' लिहून घेणाऱ्यांनी हे एकदाही फळ्यावर मांडलेलं नसतं. मग पोरगं तिथे गप्प बसतं आणि समोरचा मनात म्हणतो, 'अदर' ना, वाटलंच होतं.

दार उघडतं ते छोट्या सीए फर्ममध्ये. मे महिन्यातच मेल टाका. जुलैअखेर रिटर्न, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, त्यांना माणसं हवीच असतात. तिथे व्हाउचर तपासाल, जीएसटीचा टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा तक्ता, खरेदीशी जुळवाल. खरं काम आहे. पण पुढच्या वर्षी तोच फॉर्म उघडलात की रकाना तोच, आणि ते सगळं काम त्याच 'अदर'खाली.