बाळ्याचा फ्लेक्स

विषय गण्यानं काढला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. पॅट म्हणजे सरकारी चाचणी; तिचे गुण सरकारच्या चॅटबॉटवर भरून भरून त्याचं डोकं उठलं होतं.

"चौथीतलं पोरगं. दिवाळी झाली की आईबापासंगं ऊसतोडीला जातं, येतं पार पाडव्याला. किती टन भरला, उचल किती फिटली, सगळा हिशोब तोंडपाठ. पेपरात मात्र प्रश्न वाचण्यातच घंटा होते. चॅटबॉटवर काय भरू? 'अप्रगत'?"

बाळ्यानं कॉलर सारखी केली. त्याचे क्लासेस आहेत, त्यामुळं शिक्षणावर पहिला हक्क त्याचाच. "गण्या, मोजमाप पाहिजेच. हुशार कोण, ढ कोण, कळायचं कसं? बोर्ड म्हणजे बोर्ड!" बोलताना खडू नसला तरी बोटं झटकतो.

"बरं," गण्या म्हणाला. "2019 ला दहावीचा निकाल किती? 77.10. पुढच्या वर्षी? 95.30. वर्षभरात सगळा महाराष्ट्र हुशार झाला व्हय? 19 ला शाळेच्या हातातले वीस-वीस गुण काढले, 20 ला परत दिले. मग बोर्डानं मोजलं काय, पोरं का स्वतःचा नियम?"

"अन् 21 ला परीक्षाच नाही, तर 99.95!" सुध्या म्हणाला. "त्यातबी जे राहिले, त्यांचा सत्कार करायला पाहिजे."

"म्हणूनच म्हणतो, लेखीच पाहिजे," बाळ्या पेटला. "तोंडीचे गुण कुणाचा पोरगा हे बघून पडतात. आपल्या वेळी सरपंचाच्या पोराला विसापैकी किती होते? वीस! वही कुठंय त्याची?"

यावर गण्या गप्प. बाळ्या चार-सहा महिन्यांतून एखादं खरं बोलतो, ते हेच असावं.

पण थांबेल तो बाळ्या कसला! "आमचा 2020 चा फ्लेक्स आठवा. स्टँडसमोर. 'भूगोलात आठ विद्यार्थी नव्वद टक्क्यांच्या वर'. ही असते मेहनत!"

गण्यानं कप खाली ठेवला. "बाळासाहेब, 20 ला भूगोलाचा पेपर झाला कुठं? लॉकडाऊनमुळं रद्द झाला. बाकीच्या पेपरांची सरासरी काढून गुण दिले."

सुध्याला ठसका लागला. चहावाल्या मामांनीसुद्धा गाळणी बाजूला ठेवली.

"अरे, मग ती सरासरी वर नेली कुणी?" बाळ्या तावातावानं म्हणाला. "आम्हीच ना!"

"आधी बॅट दे माझी," सुध्या हसत हसत म्हणाला. "नववीत नेलेली. तिचीबी सरासरी काढतोस का?"