माँटी की स्लिम?

विषय काढला संज्याने. "ब्रिटिशांचा सगळ्यात भारी सेनापती माँटगोमेरी. ऑगस्ट १९४२ मध्ये आठव्या सैन्याची सूत्रं घेतली, माघारीचे बेत रद्द केले आणि इजिप्तमध्ये अल अलामीनला जर्मन सेनापती रोमेलला हाणला. संपला विषय."

"आणि त्याच्याच बेतापायी हॉलंडमध्ये आर्नेमला पोरं मेली, ती?" नानांनी टोकलं. त्यांचा माणूस वेलिंग्टन, मराठ्यांशी लढलेला इंग्रज सेनापती. "असईला जाऊन या एकदा. २३ सप्टेंबर १८०३. वाटाडे सांगत होते, केळणा नदीला उतार नाही. यानं दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, गावकऱ्यांची ये-जा असणार म्हणजे उतारही असणार. तिथूनच फौज पलीकडे काढली!"

नजर तेज होती, मान्य. पण मला स्लिमच मोठा वाटतो, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचा सेनापती, कारण त्याच्या हाती हरलेली फौज होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून सुमारे दीड हजार किलोमीटर माघार घेत लोक इंफाळला पोचले ते अंगावर चिंध्या घेऊन. पुढच्या वर्षी परिस्थिती अशी, की एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत. हिवतापाच्या गोळ्या जवान खात नव्हते. स्लिमनं अचानक तपासण्या लावल्या. पलटणीत ९५ टक्क्यांहून कमी जणांनी गोळी घेतलेली आढळली, की कमांडिंग ऑफिसर घरी! तिघांना काढलं, बाकीचे सरळ झाले. आघाडीवर अर्धं रेशन असलं की त्याच्या मुख्यालयातही अर्धंच.

"गोळ्या खायला लावणं म्हणजे नेतृत्व?" संज्या उसळला. "त्याला विमानं मिळाली म्हणून जिंकला."

"विमानं मिळाली," मी उत्तर दिलं, "पण रसद टाकायला पॅराशूट पुरेनात. मग रेशमाची वाट बघत न बसता त्यानं कलकत्त्यात तागाची करून घेतली. आणि कोहिमावर केवढी जपानी फौज येईल याचा आपला अंदाज साफ चुकला, हे त्यानं पुढं स्वतः लिहून ठेवलंय. माँटीच्या तोंडून असं कधी ऐकलंस?"

संज्या गप्प. नानांनी विचारलं, "आपली पोरं होती का रे तिथं?"

"होती ना! त्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य भारतीयच होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढली. पाण्याची मारामार, चहूबाजूंनी जपानी, तरी २६ तारखेपर्यंत जागा सोडली नाही. तेवढ्यात इंफाळ-कोहिमाला तयारीला वेळ मिळाला."

"मग वेलिंग्टन राहू दे," नाना म्हणाले. "या बटालियनचं नीट सांग, पहिल्यापासून."