अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी जरा थांबा

सांगलीच्या विश्रामबागेत माझं ऑनलाईन फॉर्म, झेरॉक्स आणि प्रिंटचं छोटं दुकान आहे. दहावीचा निकाल लागला की काउंटरवर तेच दोन प्रश्न सुरू होतात. पोरं विचारतात, "दादा, सायन्स घेऊ का कॉमर्स?" आणि पालक विचारतात, "क्लास कुठला चांगला?" मी समुपदेशक नाही, मास्तर तर नाहीच. पण बारावीनंतर कुणासाठी काय बंद झालंय हे बापाच्याही आधी मला स्क्रीनवर दिसतं, म्हणून जरा मोठं लिहितोय. पटलं तर घ्या.

माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्नच उलट्या बाजूनं विचारला पाहिजे. पुढं जाऊन करावंसं वाटेल अशा दोन-तीन गोष्टी आधी काढा. मग त्यांच्या पात्रतेत बारावीचे कुठले विषय मागितलेत ते बघा. अकरावीचे विषय त्यावरून ठरवा. प्रत्येक प्रवेश परीक्षेची माहितीपुस्तिका निघते, त्यात पात्रतेचं पान असतं आणि ती फुकट डाउनलोड होते. ती कुणी उघडत नाही. चुलत मामाच्या पोरानं काय घेतलं होतं, ते मात्र सगळ्यांना पाठ असतं.

यात पहिला बळी जातो गणिताचा. डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला, सोडून टाक, वेळ वाचेल. हे वाक्य आपल्या जिल्ह्यात इतक्या सहज बोललं जातं, की पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आपण किती मोठा निर्णय घेतोय याचा पत्ताच नसतो. जतकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ३८०च्या आसपास मार्क, सरकारी कॉलेजची आशा नाही. पोरगी हुशार, बोलायला चटपटीत. म्हणाली, "दादा, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला टाकूया." मी तिचं सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, स्कोअरकार्ड उघडलं. पीसीबी गट, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीला, बायोलॉजीऐवजी गणित असलेल्या पीसीएम गटाचा स्कोअर लागतो, नाहीतर देशपातळीवरच्या जेईईचा, आणि दोन्हीकडे गणिताचा पेपर आहे. वडिलांना कळेना. "मार्क चांगले आहेत की वो तिचे," ते परत परत म्हणत राहिले. मार्क चांगलेच होते, नुसता विषय नव्हता. तिनं मोबाईलचं कव्हर काढून परत बसवलं, परत काढलं, आणि मग विचारलं, "बीएस्सीला काय काय आहे?"

बीएस्सीत कमी काहीच नाही. पण हे तिला अकरावीच्या जूनमध्ये कळायला पाहिजे होतं.

गणित फक्त इंजिनिअरिंगला लागतं असंही नाही. आर्किटेक्चरला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतं, नुसत्या चित्रकलेवर भागत नाही. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅटला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, बारावीला गणित हवंच. लष्करी अधिकारी घडवणाऱ्या एनडीएच्या आर्मी विंगला कुठल्याही शाखेचा मुलगा चालतो, २०२१पासून मुलीही परीक्षा देतात. पण लेखी परीक्षेच्या ९०० मार्कांपैकी ३०० गणिताचे, आणि एअरफोर्स-नेव्हीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित बारावीलाच लागतं. आणि ज्यांना वाटतं की आर्ट्स घेतलं म्हणजे गणितातून सुटलो, त्यांच्यासाठी सांगतो. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला जायचं तर गणिताचा पेपर द्यावा लागतो. बीए आहे ते, बीए.

मग करायचं काय? डॉक्टरकीच्या मागं असलेल्यांनी शक्य असेल तर पीसीएमबी, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही, घ्यावं. आपल्या बोर्डात सहा विषयांत ते बसतं: इंग्रजी, एक भाषा किंवा आयटी, आणि हे चार. ओझं होतं, खोटं कशाला बोलू. पण पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान-संशोधनाच्या संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा बघा. ६० प्रश्न, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी प्रत्येकी १५. चारपैकी तीन विषय असले तरी फॉर्म भरता येतो, पण गणित सोडलेल्याला पेपरचा पाव भाग अंधारात सोडवायचा. नीटचं जमलं नाही तर संशोधनाकडं जाणारी ही एवढी चांगली वाट, आणि आपल्याकडची पीसीबीची पोरं तिचं नावसुद्धा ऐकून नसतात.

ज्याला गणित खरोखर झेपत नाही, त्यानं मात्र बापाच्या हट्टासाठी ते उरावर घेऊ नये. वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सला कुठलीही शाखा चालते. भाषा, इतिहास, मानसशास्त्र, डिझाईन, सगळं आहे. कॉमर्सवाल्यांना एक सांगायचं राहतं: बीबीए-बीसीएलाही २०२४पासून आपल्या राज्यात सीईटी आहे. कॉलेजात जाऊन फॉर्म टाकला की झालं, या भरवशावर राहिलेली पोरं सीईटीची तारीख गेल्यावर माझ्याकडं येतात.

आपल्या घरांचं असं का झालं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग १९४७पासून, मिरजेला सरकारी मेडिकल १९६२पासून. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढं इंजिनिअरिंग कॉलेज तालुक्याच्या गावापर्यंत आलं. शेतकऱ्याचं पोरगं इंजिनिअर झालं ते त्यामुळंच, हे विसरून चालणार नाही. पण त्यातूनच घराघरांत दोनच रस्ते दिसायला लागले. विलिंग्डन कॉलेज तर १९१९पासून इथं उभं आहे, तरी "बीएस्सी करतोय" म्हटलं की शेजारी विचारतात, "का, नंबर लागला नाही?"

आता अकरावीकडं या. दहावीला लई अभ्यास केला, आता वर्षभर आराम, बारावीला बघू. हे ऐकलं की माझं डोकं सरकतं. आपल्या एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, म्हणजे २०० मार्कांत ४० मार्क. नीट आणि जेईईला तर अकरावी-बारावी जवळजवळ बरोबरीनं येतात. नीटचा आधार केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांचा, आपली बोर्डाची पुस्तकं बालभारतीची, सीईटीला हीच बालभारतीची कामाला येतात. म्हणजे दोन्ही परीक्षा देणाऱ्यानं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसायचं असतं. ही गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत, कारण त्यांना त्यांचे मॉड्यूल खपवायचे असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक: सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून देता येतं, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. त्यामुळे गणिताच्या संज्ञा तरी अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून इंग्रजीतून अंगवळणी पाडा.

कॉलेजला न जाता फक्त क्लासला जायचं, कॉलेजात नाव तेवढं लावायचं, हा प्रकार आता इतका रुळलाय की विचारलं तर लोक मलाच वेड्यात काढतात. जानेवारीत माझ्या दुकानात जर्नलचा हंगाम असतो. एकाचं जर्नल येतं, पंधरा जणांच्या झेरॉक्स निघतात, मग बाकड्यावर बसून पोरं व्हर्निअरची, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या उपकरणाची, रीडिंग उतरवतात. व्हर्निअर हातात कधी धरलेला नाही. एकानं मला विचारलं होतं, "दादा, लीस्ट काउंट सगळ्यांचा सेम असतो का?" प्रॅक्टिकलचे ३० मार्क पडतात म्हणा, ते कुणालाही पडतात. अडतं ते पुढं, इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला. तिथं लॅबमध्ये रोजचं काम असतं, रिपोर्ट स्वतः लिहायचा असतो, आणि शेजारी झेरॉक्सवाला नसतो. दोन वर्षं फक्त चार पर्यायांतून एक निवडलेल्या पोराला पानभर उत्तर सलग लिहायला सांगा, घाम फुटतो. विद्यापीठाची तयारी म्हणजे प्रवेश परीक्षा एवढंच आपण धरून चाललोय. कॉलेज आत गेल्यावर सुरू होतं, त्याचं काय?

जाता जाता पर्सेंटाईलचं. जेईई मेनला ९२ आले म्हणून पेढे घेऊन आलेलं कुटुंब मी बघितलंय. आनंद करावा, पेढा मीही खाल्ला. पण ते ९२ टक्के मार्क नव्हेत. १४ लाख पोरं बसली असं धरलं तर ९२ पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या पुढं १ लाख १२ हजार पोरं आहेत. हा हिशोब क्लासच्या बोर्डावर कुणी मांडत नाही. तिथं नुसता फोटो आणि आकडा असतो. आणि एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जायचं तर बारावी बोर्डाला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये यावं लागतं. बोर्डाकडं पाठ फिरवून जेईई करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आमच्या खानापूर-आटपाडी भागाला एक वेगळंच दुखणं आहे. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यामुळं आपली माणसं देशभर पसरलेली. पोरगं दहावी तामिळनाडूत नाहीतर उत्तर प्रदेशात करतं आणि अकरावीला आजीकडं विट्याला येतं. घरच्यांचा समज असा, की रेशनकार्ड इथलं, सातबारा इथला, म्हणजे आपण महाराष्ट्राचेच. पण एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी सर्वसाधारण नियम असा, की डोमिसाईलबरोबर (रहिवासी दाखल्याबरोबर) दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे. ठरावीक गटांना अपवाद आहेत, ते पुस्तिकेत दिलेत, आपण त्यात बसतो का ते वाचून बघा. इंजिनिअरिंगला डोमिसाईलवर मार्ग निघतो, मेडिकलला अवघड. मिरजेतून पलीकडं कर्नाटकात कॉलेज स्वस्त पडतंय किंवा क्लाससाठी राजस्थानातलं कोटा बरं म्हणून बारावीला तिकडं नाव घालणाऱ्यांनाही हेच लागू. क्लास कुठंही करा, पण बारावीचा दाखला कुठला येणार ते आधी विचारा.

कागदांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण हा विषय काढला की मला राग आवरत नाही. जातपडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच टाका. जून उजाडल्यावर समितीच्या दारात रांग लावून काय मिळणार? दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का बघा, आईच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा. फॉर्मवर मोबाईल नंबर स्वतःचा टाका, क्लासचा नको, माझा तर नकोच. ओटीपी रात्री अकरा वाजता येतो आणि मी झोपलेला असतो. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५पासून कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एवढी मोठी सवलत असताना "पोरीला एवढं लांब कशाला, खर्च होतो" हे कारण आता चालणार नाही. लांबचं कारण दुसरं असतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

सीयूईटी या प्रवेश परीक्षेचं नाव आपल्याकडं अजून कुणी घेत नाही. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांत पदवीला जायचा तो मुख्य रस्ता झालाय. दिल्ली, बनारस, हैदराबाद, सगळीकडं. पेपर मराठीतूनही देता येतो. तासगावच्या द्राक्षबागेतलं पोरगं बनारसला इतिहास शिकायला गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे? द्राक्षं जातातच की दिल्लीला.

सल्ला मागायचाच तर कुणाला मागायचा, हेही सांगतो. क्लासच्या सेमिनारमध्ये जाऊ नका असं नाही, चहा-बिस्कीट मिळतं. पण खरी माहिती असते ती एक-दोन वर्षं पुढं गेलेल्या पोरांकडं. गल्लीतला कुणी वालचंदला असेल, कुणी फर्ग्युसनला, कुणी मिरजेला मेडिकलला, कुणी शिवाजी विद्यापीठात कमवा-शिकावर राहून शिकत असेल. त्यांना "कसं आहे कॉलेज?" विचारलं की "भारी आहे" म्हणतात, पुढं काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा असं विचारा: पहिल्या सेमिस्टरला कुठला विषय अडला आणि तो अकरावीतल्या कुठल्या धड्यावर उभा होता? महिन्याला खरा खर्च किती येतो, मेस धरून? वर्गातलं कुणी सोडून गेलं का, आणि का? पुन्हा अकरावीत टाकलं तर विषय कुठले घेशील? उत्तरं लिहून घ्या, आईलाही वाचायला द्या. आणि फोन आधीच करून ठेवा, कारण ही पोरं दिवाळीत येतात ती चार दिवसांसाठी, आणि भाऊबीज झाली की रात्रीच्या गाडीनं परत जातात.