‘एक करदाता’ यांस, चहा-बिस्किटांविषयी

करदाते साहेब (किंवा बाई, टोपणनावामागे कोण आहे ते कळायला मार्ग नाही),

‘धोरण कुठे शिजतं?’ या माझ्या लेखावर आपण रविवारी रात्री पावणेबाराला प्रतिक्रिया टाकलीत. मी ती सोमवारी सकाळी वाचली, दुपारी परत वाचली, आणि आज बुधवार आहे. उत्तर देऊ नये असं घरच्यांचं मत पडलं. पण गप्प बसलो तर पटलं असा अर्थ निघतो, म्हणून लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्थिक धोरण मंत्र्याच्या भाषणात जन्माला येत नाही, ते आधी दहा-वीस वर्षं अभ्यासकांच्या वर्तुळात फिरत असतं, एवढंच माझं म्हणणं होतं. कोण कुणाचा विद्यार्थी, कुणाचा निबंध कुणाच्या टेबलावर गेला, परिसंवादाला कुणाला बोलावलं आणि कुणाला टाळलं, यातून एखादी कल्पना शहाणपणाची ठरते. सरकार अडचणीत सापडलं की हाताशी तीच असते. १९५५-५६ साली मुंबईत सी. एन. वकील आणि ब्रह्मानंद हे अर्थतज्ज्ञ सांगत होते की अवजड यंत्रांच्या आधी धान्य, कापड असल्या कामगाराच्या रोजच्या गरजेच्या वस्तूंकडे बघा. दिल्लीने ऐकलं नाही, कारण दिल्लीचा कान अवजड उद्योगांचा आग्रह धरणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या कोलकात्याकडे लागलेला होता. मुद्दा चूक की बरोबर हा प्रश्न नंतरचा, आधी तो कुठल्या दारातून येतो ते बघितलं जातं. हे मी लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो.

आपले मुख्य आक्षेप चार. गाडगीळ सूत्राचं साल मी चुकवलं. रोजगार हमी विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांनी आणली, कुठल्या प्राध्यापकाने नाही. या संस्थांना पैसा कोण पुरवतं यावर मी एक अक्षर लिहिलं नाही. आणि चौथं आपल्याच शब्दांत: ‘सेमिनारच्या चहा-बिस्किटांवर पोसलेल्यांनाच वाटू शकतं की देश सेमिनारमध्ये चालतो.’

पहिलं मान्य. १९६७ साली धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची त्याचं सूत्र १९६९ चं. मी दोन्ही एकत्र केली. लेखात दुरुस्ती केली आहे, आपले आभार. चूक कबूल करायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही, हे जुने वाचक जाणतात.

आता चौथं.

‘पोसलेले’ हा शब्द आपण कुठून उचललात? बैल पोसतात, पोळ पोसतात. माणसाबद्दल वापरताना निदान तो माणूस कोण आहे याची चौकशी करावी. मी प्राध्यापक नाही, कधीच नव्हतो. १९७९ साली टायपिंगची चाळीसची परीक्षा पास होऊन फोर्टातल्या एका संशोधन संस्थेत टंकलेखक म्हणून चिकटलो आणि सत्तावीस वर्षं तिथे काढली. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तिथली काही मंडळी अजून हयात आहेत आणि हे वाचतातही.

त्या काळी निबंध छापून येण्याआधी सायक्लोस्टाइल व्हायचा, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करून त्यावरून शाईने प्रती काढायच्या. तो मेणचट निळा स्टेन्सिल आपण कधी हातात धरला आहे का? एक अक्षर चुकलं की लाल करेक्शन फ्लुइडचा थेंब लावायचा, फुंकर मारायची, वाळेपर्यंत थांबायचं आणि नेम धरून तेच अक्षर पुन्हा मारायचं. गणिताची चिन्हं टाइपरायटरवर नसायची. तिथे जागा सोडायची आणि नंतर लोखंडी टोकाच्या लेखणीने सिग्मा हाताने कोरायचा. जोर जास्त पडला तर स्टेन्सिल फाटे आणि अख्खं पान पहिल्यापासून. सिग्मा म्हणजे काय ते ठाऊक नसताना मी शेकड्यांनी सिग्मा कोरले आहेत. पुढे एका तरुण प्राध्यापकाने जिन्यात उभं राहून समजावलं, ‘अहो, ही नुसती बेरीज आहे.’ तेव्हा पाच वर्षं नोकरी झाली होती.

आणि ज्याला मी लेखात ‘वर्तुळ’ म्हटलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लाकडी खणात ठेवलेली पत्त्यांची कार्डं होती. एकशे चौऱ्याहत्तर. निबंध तयार झाला की त्या खणातल्या प्रत्येक पत्त्यावर एक प्रत जायची. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, पुण्याची गोखले संस्था, त्रिवेंद्रमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज, कोलकात्याची सांख्यिकी संस्था, बंगळूर, अहमदाबाद, मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेत काही जण. मंत्रालयाचं कार्ड एकही नव्हतं, पण एका सचिवांचा घरचा पत्ता होता. पाकिटं मी टाइप करायचो, तोंड उघडं ठेवून त्यांवर ‘बुक पोस्ट’चा शिक्का मारायचो आणि पिशवी खांद्याला लावून जीपीओत टाकून यायचो. दोन-तीन वर्षांनी एखाद्या सरकारी समितीची बातमी येई आणि सदस्यांची नावं वाचताना मला त्यांचे पिनकोड आठवत. हा पुरावा नाही का? कुठल्या पुस्तकात सापडणार आहे तो?

राहता राहिली बिस्किटं. सेमिनारचा चहा चार वाजता यायचा, प्रत्येक बशीत चार ग्लुकोज मोजून. तो आम्हा कर्मचाऱ्यांसाठी नव्हता, आम्ही खाली गल्लीत जाऊन कटिंग मारायचो. १९८४ साली एका परिसंवादानंतर खोली आवरताना उरलेली दोन बिस्किटं मी उभ्या उभ्या खाल्ली. अधीक्षकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मेमो हातात: ‘अतिथींसाठीच्या खाद्यपदार्थांचा अनधिकृत वापर.’ मीच टाइप केलेल्या लेटरहेडवर. तो कागद माझ्याकडे अजून आहे, फाइलला लावून. त्यामुळे, करदाते साहेब, चहा-बिस्किटांवर कोण पोसलं आणि कोण नाही हे मला शिकवायला तुम्ही जाऊ नका. तुमचं वय मला माहीत नाही, पण तेव्हा तुम्ही बहुधा अर्ध्या चड्डीत असाल.

जाऊ द्या. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

रोजगार हमीबद्दल. पाग्यांचं श्रेय मी नाकारलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा प्रयोग १९६५ चा, तो त्यांचाच. ७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, ७७ साली कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतात, जो आपल्या पगारातून आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापला जात असेल. माझ्याही कापला गेला. करदाते तुम्ही एकटे नाही.

पण विसापूर ते संसद हा प्रवास कसा झाला? १९७१ साली दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांचा दारिद्र्यावरचा अभ्यास मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. गरिबाला सार्वजनिक कामांवर रोजगार द्या हा उपाय त्यात मांडलेला आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या त्याच ७२ च्या दुष्काळाचा कसून अभ्यास केला आणि २००४ मध्ये ते केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेत होते. २००५ साली रोजगार हमीचा देशभरासाठी कायदा झाला. ही साखळी मी रचलेली नाही. पाग्यांनी दिवा लावला, पण तो दिल्लीपर्यंत नेला कुणी?

गावाला या वर्तुळात जागाच नव्हती, असंही आपण सुचवलं आहे. साफ चूक. एक कार्ड होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी पोस्टकार्ड पाठवून रोजगार हमीवरचा निबंध मागितला होता, आमच्या तालुक्यातल्या मजुरीचे आकडे तपासायचे आहेत म्हणून. मी कुणाला न विचारता त्यांचं कार्ड करून खणात घातलं. वर्षभर त्यांना सगळं गेलं. त्यांनी दोन निबंधांवर शेरे लिहून पाठवले, एकात मजुरीचा आकडा चुकल्याचंही होतं. ते पत्र मी संबंधित टेबलावर ठेवलं. पुढच्या वर्षी टपालखर्च कमी करा असं फर्मान निघालं आणि अधीक्षकांनी लाल पेन्सिलीने काट मारलेल्या कार्डांत ते पहिलं होतं. ते गेलं तेव्हा एकशे त्र्याहत्तर उरली. पण हा मुद्दा वेगळा आहे, विषयांतर नको.

सरकारी कर्ज फार वाढलं की विकास मंदावतो असं सांगणारा हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांचा २०१० चा निबंध आणि त्यातली एक्सेलची चूक आपण मध्येच आणली आहे. ती चूक २०१३ साली पकडली कुणी? मॅसॅच्युसेट्सच्या एका विद्यार्थ्याने, त्याच्या दोन प्राध्यापकांसोबत. म्हणजे वर्तुळातल्यांनीच. संपलं.

रिझर्व्ह बँकेविषयी आपण अर्धी ओळ लिहिली आहे, म्हणून मीही फार लिहीत नाही. महागाईचं चार टक्क्यांचं लक्ष्य ऊर्जित पटेल समितीच्या २०१४ च्या अहवालातलं, कायद्यात ते २०१६ ला आलं. त्यानंतर व्याजदर ठरवायला जी सहा जणांची पतधोरण समिती नेमली त्यात बँकेबाहेरचे तिघे, आणि तिघेही प्राध्यापक. आता म्हणा सेमिनारचा संबंध नाही.

पैशाचा प्रश्न उरला. दांडेकर-रथ यांचा अभ्यास फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर झाला हे मला माहीत आहे, आपण सांगायची गरज नव्हती. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था १९८७ साली रिझर्व्ह बँकेनेच काढली आणि ‘ती बँकेला काय ऐकवणार?’ असं आपण खोचकपणे विचारलंत. त्याच संस्थेतल्या आशिमा गोयल पतधोरण समितीवर होत्या आणि जून २०२४ मध्ये त्यांनी बहुमताविरुद्ध, व्याजदर कमी करा म्हणून मत दिलं. एवढं पुरे. कार्डांच्या खणाचा खर्च कोण करत होतं, निबंधांचे विषय कुणाच्या अनुदानावरून ठरत होते, हा मोठा विषय आहे आणि आपण वापरलेल्या भाषेत त्यावर चर्चा होऊ शकत नाही.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. खऱ्या नावाने लिहिलंत तर पुढचं उत्तर लवकर देईन. येत्या मंगळवारी माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पैशाचं त्यानंतर बघू.