कॉम्प्युटर ‘आपोआप’ काहीही हलवत नाही

‘आता ॲनिमेशन कॉम्प्युटरच करतो. चित्रकलेत वर्षं घालवू नका, सॉफ्टवेअर शिका, बटण दाबा, आठवड्यात सिनेमा तयार!’ हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. फिरेना का बापडा. पण तो वाचून माझ्या बहिणीने लेकीचा चित्रकलेचा क्लास बंद करायचा घाट घातलाय, म्हणून हा खटाटोप.

त्यातलं सगळ्यात अचाट वाक्य असं: ‘दोन पोझ द्या, मधली हालचाल कॉम्प्युटर अचूक भरतो.’ भरतो, खरंय. अचूक? एक साधा चेंडू घ्या. पहिल्या फ्रेमला (फ्रेम म्हणजे सिनेमातलं एकेक स्थिर चित्र) वर, बाराव्या फ्रेमला जमिनीवर, चोविसाव्या फ्रेमला परत वर. एवढ्या तीन की-फ्रेम, म्हणजे आपण स्वतः ठरवलेल्या जागा, लावल्या की मधल्या जागा सॉफ्टवेअर भरतं. आता प्ले करून बघा. अनेक सॉफ्टवेअर काही न सांगता प्रत्येक की-फ्रेमपाशी वेग हळूहळू कमी करतात. त्यामुळे चेंडू जमिनीजवळ मंदावतो आणि गादीवर ठेवल्यासारखा अलगद टेकतो. खरा चेंडू जमिनीवर आदळताना सगळ्यात वेगात असतो. रेंगाळतो तो वर. मग ॲनिमेटर ग्राफ एडिटर (हालचाल आलेखाच्या रेषेत दाखवणारी खिडकी) उघडतो, जमिनीपाशी गोल झालेली रेषा मोडून तिथे टोक काढतो, वरची कमान पसरट करतो. चेंडू रबरी वाटणार की लोखंडी, हे त्या रेषेवर ठरतं. कॉम्प्युटरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि हा नुसता चेंडू आहे, माणसाची चाल तर लांबच राहिली.

हे मी मनचं सांगत नाही. ॲनिमेटर जॉन लॅसेटर यांनी 1987 साली सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत एक निबंध मांडला, त्याचा विषयच हा होता. डिस्नेच्या कलाकारांनी हाताने चित्रं काढताना घडवलेली तत्त्वं (दबणं-ताणणं, हालचालीआधीची तयारी, टायमिंग) थ्रीडीतही लागतात, हे त्यांनी उदाहरणांसह दाखवलं. याच लॅसेटर यांनी पुढे 1995 मध्ये ‘टॉय स्टोरी’ दिग्दर्शित केला, संपूर्ण कॉम्प्युटरवर ॲनिमेट केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. मेसेजमध्ये पुरावा म्हणून नेमकं त्याचंच नाव आहे! थ्रीडी ॲनिमेटरला सुबक चित्र काढता यायलाच हवं असं नाही, हे कबूल. पण खुर्चीतून उठताना माणूस आधी पुढे का झुकतो, हे बघायची नजर स्केचबुकात तयार होते तशी मेनू पाठ करून होत नाही.

‘रेंडर सेकंदात’ म्हणे. रेंडर म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र तयार करणं. ‘टॉय स्टोरी’साठी 117 मशिन जुंपली होती, तरी एकेका फ्रेमला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ लागायचा. आणि सेकंदाला फ्रेम लागतात 24. आज मशिन वेगवान झाली, पण केस, पाणी, प्रकाश यांच्या मागण्याही तेवढ्याच वाढल्या.

‘नटाने सेन्सरचा सूट घातला की काम संपलं.’ नाही, सुरू झालं. सूट नटाची हालचाल टिपतो, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये पात्राचे पाय घसरतात, बोटं थरथरतात, हात पोटात घुसतात. ते निस्तरायला माणूसच बसतो.

राहिला ‘फुकट सॉफ्टवेअरवर घरबसल्या’ हा मुद्दा. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर खरंच फुकट आहे, आणि त्यावर छोट्या टीमने केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं. फक्त तो करायला त्यांना साडेपाच वर्षं लागली.