कॉइल इंजिनवर नको, पत्र्यावर घ्या

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे जुन्या जीप, अॅम्बेसेडर आणि पद्मिनीवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सार असा: इग्निशन कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो करून ठिणगी देणारा डबा) इंजिनवरच, डिस्ट्रिब्युटरच्या (ती ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) शेजारीच बसवा. बॉडीच्या पत्र्यावर नेली तर लांब वायरीत करंट मरतो. बॉडीवर कॉइलला अर्थिंग मिळत नाही. कॉइल आडवी बसवली की जळते. आत तेल असतं म्हणून गरमीची काळजी नको. आणि कंपनीने जागा ठरवून दिली आहे, तुम्ही कोण बदलणारे?

हा मेसेज वाचून लोक चांगल्या जागी बसलेल्या कॉइली उचलून सिलिंडर हेडजवळ आणतात आणि ऐन मे महिन्यात घाटात अडकतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी लांब वायरीचा. चार सिलिंडरच्या कुठल्याही इंजिनवर डिस्ट्रिब्युटरपासून निघणाऱ्या प्लगच्या वायरी बघा. जवळच्या प्लगची वायर आखूड, लांबच्या प्लगची जवळपास दुप्पट. लांबीने करंट मरत असता तर लांबचा सिलिंडर कायम मिस मारला असता. तसं होत नाही. तांब्याच्या वायरीला एका ओहमचाही रोध नसतो. कार्बनच्या वायरीला काही हजार ओहम असतो, पण ठिणगीच्या वेळी त्यातून वाहणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असतो. ५० मिलिअँपिअर आणि ५००० ओहम धरले तरी २५० व्होल्ट पडतात, आणि कॉइल देते हजारोंनी व्होल्ट. ज्या प्लगच्या नंबरात रोधकाचं आर अक्षर असतं, त्यांच्या पोटातच साधारण ५००० ओहम मुद्दाम घातलेले असतात. फूट-दीड फूट जास्त वायरीने ठिणगी कमजोर होत नाही.

वायर मारते ती तडे गेली की, किंवा पत्र्याला घासली की. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरीवरून पत्र्याकडे निळसर रेघा उडताना दिसल्या तर ती वायर बदला, मग ती वीतभर का असेना.

अर्थिंगचा मुद्दा तर पायापासून चुकीचा आहे. जुन्या डबा-कॉइलमध्ये तारेच्या दोन गुंडाळ्या असतात: पहिलीत बॅटरीचा करंट जातो, दुसरीत ठिणगीचे व्होल्ट तयार होतात. दुसऱ्या गुंडाळीचं एक टोक आतच पहिल्या गुंडाळीला जोडलेलं असतं आणि दुसरं मधल्या मनोऱ्यातून (जाड वायर खोचतात त्या उंचवट्यातून) बाहेर येतं. बाहेरचा डबा त्या सर्किटमध्ये नसतोच. क्लॅम्प सोडवून कॉइल रबराच्या जाड तुकड्यावर ठेवा, इंजिन तितकंच चालेल. त्यामुळे क्लॅम्पखालचा रंग खरवडून काही मिळत नाही, तिथे गंज मात्र लागतो. अर्थिंग पाहायचीच असेल तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली पट्टी पाहा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, ठिणगीचा परतीचा रस्ता आणि सेल्फचा भार दोन्ही त्याच पट्टीवर असतात. ती हिरवी पडून कुजलेली गाडी कॉइल कुठेही नेली तरी कुरकुरणारच.

आता गरमी. हा मुद्दा खान्देशात सगळ्यात महत्त्वाचा, आणि मेसेजने तो एका ओळीत उडवून लावला आहे. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तोही सावलीतला. कॉइलमधलं तेल आतली उष्णता डब्याच्या पत्र्यापर्यंत आणून सोडतं. पुढे ती हवेला किंवा क्लॅम्पला द्यायची असते. डबाच ९० अंशांच्या हेडला चिकटलेला असेल तर ती जाणार कुठे?

हिशेब साधा आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ३ ओहम असलेली पहिली गुंडाळी ९० अंशांना ३.८ ओहमच्या आसपास जाते. १२ व्होल्टवर ४ अँपिअरचे ३.१ होतात. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर चालते, म्हणजे ती एक तृतीयांशाहून जास्त घटते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त दाबलं जातं आणि प्लगला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. नेमक्या त्या वेळी तापलेली कॉइल कमी देते. गाडी फटफट करायला लागते, आणि चालक कार्ब्युरेटरला शिव्या देतो.

उन्हाळ्यात गाडी बंद पडायला लाइनीत होणारी पेट्रोलची वाफ हेही कारण असतं, ते नाकारत नाही. म्हणून तिथेच एक प्लग काढून ठिणगी पाहा. पिवळी, मरतुकडी ठिणगी असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर (पॉइंटजवळचा छोटा डबा) बिघडलेला. टणटणीत निळी असेल तर पेट्रोलच्या लाइनीकडे वळा. कॉइलवर तांब्याभर पाणी ओतणं मात्र सोडा. मनोऱ्यावर ओल राहिली की करंट तिथूनच गळतो.

जागा बदलण्याआधी कॉइलच बरोबर आहे ना, हेही तपासा. रेझिस्टरसोबत (करंट आवरायला बाहेरून जोडलेल्या रोधासोबत) चालणारी कॉइल दीड ओहमची असते. ती थेट १२ व्होल्टला जोडली तर ८ अँपिअर ओढते, कुठेही बसवा, भाजतेच, सोबत पॉइंटही (डिस्ट्रिब्युटरमधला कॉइलचा करंट उघड-मीट करणारा स्विच) जाळते. आणि ३ ओहमची योग्य कॉइलसुद्धा इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले तर ४८ वॉटची शेगडी होते. रेडिओ ऐकत बसायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आडवी कॉइल जळते म्हणणाऱ्यांनी मॉरिस मायनर या जुन्या इंग्लिश गाडीचं बोनेट उघडून पाहावं. तिथे कॉइल डायनामोच्या (इंजिनवर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) पाठीवर आडवीच बांधलेली आहे आणि ती वर्षानुवर्षं चालली. निवड हातात असेल तर उभी, टर्मिनल वर, रबरी टोपी घट्ट. आत तेलाच्या वर थोडी मोकळी जागा असते, उभ्या कॉइलमध्ये ती सीलपाशी राहते आणि तेल झिरपत नाही. आडव्या-उभ्याने फरक पडतो तो एवढाच.

कंपनीने दिलेली जागा हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण जुनी गाडी मूळ रूपात ठेवण्याची ओढ मलाही आहे. पण ती डायनामोवरची जागा इंग्लंडमध्ये ठरली, जिथे २५ अंश म्हणजे उन्हाळा. शिवाय अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्याच बी-सीरिज घराण्यातलं इंजिन असलेल्या एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीमध्ये कॉइल आतल्या मडगार्डाच्या पत्र्यावर आहे. म्हणजे इंजिन सोडून पत्र्यावर जाणं हे खुद्द कारखान्यानेही केलेलं काम आहे.

पत्र्यावर नेताना जपायचं ते पातळ वायरींना. चावीच्या स्विचपासून येणाऱ्या जुन्या जोडात पाव ओहम रोध असला तरी ४ अँपिअरवर एक व्होल्ट गळतो, आणि तो बारातला एक असतो. पॉइंट मिटलेले असताना, चावी लावून, कॉइलच्या टर्मिनलवर आणि बॅटरीवर मीटर लावा. दोन्हींत फार फरक असेल तर आधी स्विच आणि जोड साफ करा, वायर जाड घाला.

जागा निवडताना सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची बाजू टाळा. रेडिएटरमागून येणारी हवा जिथे लागते तो मडगार्डाचा आतला सपाट पत्रा घ्या. क्लॅम्प रुंद, डब्याला सगळीकडून टेकणारा. चाकाचं पाणी उडतं तिथून वर. आणि निगेटिव्ह अर्थच्या गाडीत (बॅटरीचं वजा टोक बॉडीला जोडलेल्या) कॉइलचं वजा टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे, पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या गाडीत (अधिक टोक बॉडीला) अधिक टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे. हे उलटं झालं तर गाडी चालते, पण प्लगला जास्त व्होल्ट लागतात आणि घाटात तीच फटफट पुन्हा सुरू होते.